तिन्ही खेपेला दिसली ती चांदणी

देवणीच्या बैलबाजाराकडे वळताना उजव्या हाताला एक माळवदाचं घर लागतं. त्याच्या दारावर निळ्या रंगातली ‘शंभू फोटो स्टुडिओ’ ही अक्षरं अजून वाचता येतात, पण ज्याला ती आधीच ठाऊक आहेत त्यालाच. एके काळी निलंग्यापासून बिदरपर्यंतचे बैलवाले आपलं जनावर घेऊन या दारात उभे राहायचे. बैल प्रदर्शनाला न्यायचा असो, नाहीतर विकण्याआधी आठवण म्हणून ठेवायचा असो, फोटो शंभूचाच पाहिजे.

कॅमेऱ्यामागे उभे राहायचे विरूपाक्षअप्पा. पण फोटो खरा जन्माला यायचा तो आतल्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, त्यांची बायको जगदेवीअक्का यांच्या हातून. ही गोष्ट त्या हाताची आहे.

आमच्या देवणीचा बैल फोटोवाल्याची परीक्षा घेतो. त्यातला शेवरा तर फारच. अंग दुधासारखं पांढरं आणि त्यावर शाई सांडल्यासारखे काळे ठिपके. पांढरं नीट उमटवावं तर काळ्याचा कोळसा होतो. काळ्यातला केस न् केस दाखवावा तर पांढरं चुन्यासारखं सपाट होतं. जगदेवीअक्का फोटो मोठा करायच्या यंत्रातून कागदावर पडणाऱ्या उजेडात नुसता हात धरायच्या. काळ्या ठिपक्यावर बोटांची सावली हलवत ठेवायची, म्हणजे तिथे उजेड कमी पडतो आणि ठिपका करपत नाही. मग दोन्ही मुठींची लहानशी खिडकी करून पांढऱ्या पाठीला थोडा उजेड जास्त पाजायचा, म्हणजे पाठीवरची लव उमटते. कागद औषधात सोडला की बैल हळूहळू वर यायचा आणि मालक म्हणायचा, “हां, ह्योच माझा.”

दुसरी हिकमत याहून नाजूक होती. एखाद्या घरी लग्न व्हायचं आणि नवऱ्या मुलाचा बाप आधीच गेलेला असायचा. सगळ्यांच्या फोटोत मध्ये एक जागा मोकळी सोडलेली असायची. अक्का बापाची जुनी निगेटिव्ह काढायच्या आणि त्याच कागदावर, त्याच मोकळ्या जागेत, दुसऱ्यांदा उजेड देऊन त्याला बसवायच्या. दोन वेगळ्या दिवसांचा उजेड एका कागदावर. सांधा कुठे दिसायचा नाही. बाप जणू नुकताच पान खाऊन येऊन बसला आहे.

तिसरं काम रोजचं, साफसफाईचं. खिडकीपाशी तिरकी काच, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग. धुळीचा किंवा औषधाचा ठिपका दिसला की बारीक पात्याने खरवडायचा. देवीचे व्रण पेन्सिलीने बुजवायचे. हे करताना समोरचा माणूस कोण, हे अक्का बघत नसत. ठिपका दिसला की पातं चाललं.

जगदेवीअक्का सीमेपलीकडच्या एका खेड्यातून सून म्हणून आल्या होत्या. घरात कानडी, बाजारात मराठी. सासरी आल्या आणि काही वर्षांत बहात्तरचा दुष्काळ पडला. गल्लीतली गिरणी बंद झाली. तेव्हा त्यांनी शेजारपाजारचं दळण घरच्या जात्यावर काढलं. मिळायची ती लाल ज्वारी, खड्यासारखी. “घाई केली की जातं भरडतं,” त्या म्हणायच्या, “अन् थांबलं की रुसतं.” तो वेग त्यांच्या खांद्यात कायमचा बसला.

पुढे लातूरचा नवा जिल्हा झाला. आम्ही उस्मानाबादेतून सुटलो, कमानी लागल्या, पेढे वाटले गेले. पावसाने मात्र त्या आनंदात भाग घेतला नाही. हिवाळ्यातच विहिरींचे तळ दिसू लागले. टँकर आला की गल्लीभर घागरींची रांग लागायची. संध्याकाळ झाली की वीज जायची. गाव काळोखात बुडायचं आणि वरचं आभाळ कधी नव्हे इतकं स्वच्छ दिसायचं, घासूनपुसून पालथ्या घातलेल्या पराती‍सारखं.

विरूपाक्षअप्पांना त्याच आभाळाचं वेड लागलं. हे वेड लावलं मन्मथ यांनी. मन्मथ लातूरला एका डाळमिलीत कारकून होते आणि सुटीत दुर्बिणी बनवायचे. एका लग्नाच्या निमित्ताने ते देवणीला आले, तेव्हा त्यांनी अप्पांना मृग नक्षत्र दाखवलं. व्याधाने मारलेला बाण, म्हणजे ओळीतल्या तीन चांदण्या, हे कोणालाही ठाऊक असतं. पण मन्मथनी त्या बाणाखाली लोंबणारा एक अंधूक ठिपका दाखवला.

“ही चांदणी न्हाई, अप्पा. हा ढग हाय. उजेडाचा ढग. तेजोमेघ म्हणतात.”

“मला तर नुसता धूर दिसायलाय.”

“डोळ्याला एवढंच दिसणार. डोळा आत्ताचा उजेड बघतो अन् सोडून देतो. फिल्म सोडत न्हाई. ती साठवते. जितका वेळ उघडी ठेवाल तितका ढग जमा होतो.”

ती गोष्ट अप्पांच्या डोक्यात घर करून बसली. अडचण एकच होती. आभाळ थांबत नाही. कॅमेरा जागच्या जागी ठेवला की चांदण्या सरकतात आणि फोटोत त्यांच्या रेघा होतात. तेव्हा मन्मथनी सांगितल्याप्रमाणे अप्पांनी मलप्पा सुताराकडून दोन फळ्या दाराच्या बिजागरीने जोडून घेतल्या. बिजागरीचा दांडा ध्रुवाकडे रोखायचा. खालची फळी घट्ट, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि मध्ये एक लांब स्क्रू. स्क्रू सावकाश फिरवला की वरची फळी आभाळाच्या वेगाने उचलली जाते. कॅमेरा स्टुडिओतला जुना, भात्याचा. त्याला हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं लांब भिंग बसवलं.

सगळा हिवाळा अप्पा माळवदावर स्क्रू फिरवत बसले. फिल्मवर चांदण्यांच्या जागी येत होत्या त्या अळ्या. गल्लीला मोठी करमणूक झाली.

“अप्पा,” समोरची पार्वतम्मा खालून ओरडायची, “खाली एक ढग येईना अन् तुम्ही वरचा ढग धरायलाव व्हय? तिथून घागरभर आणा की!”

पण पौषाच्या अमावास्येला अप्पांना एक निगेटिव्ह साधली. मन्मथ ती बघायला मुद्दाम एसटीने आले. निगेटिव्ह खिडकीला धरून त्यांनी ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भिंगातून पाहिली.

“अप्पा, आमचं आभाळ बघणाऱ्यांचं मंडळ शिवरात्रीनंतर लातूरला प्रदर्शन भरवायलंय. नाव ठेवलंय ‘आपल्या जिल्ह्याचं आभाळ’. अट एकच, फोटो याच जिल्ह्यात काढलेला पाहिजे अन् याच जिल्ह्यात कागदावर उतरवलेला पाहिजे. ग्रहणाचे फोटो हायत, चंद्राचे हायत. तेजोमेघ कुणाकडंच न्हाई. हा आणलात तर दाराशीच लावू.”

“आणला म्हणून समजा,” अप्पा म्हणाले. त्यांनी शब्द दिला.

त्यानंतर अप्पा एका नात्यातल्या लग्नाचे फोटो काढायला हदगावला गेले. जाताना ती निगेटिव्ह त्यांनी खिडकीतल्या तबकात ठेवली. त्याच तबकात साहेबरावांच्या शेवऱ्याच्या निगेटिव्ह होत्या. साहेबराव म्हणजे आमच्याकडचे जुने बैलवाले. त्यांनी बजावून सांगितलं होतं, “अक्का, खांद्यावरच्या काळ्या डागातल्या पांढऱ्या ठिपक्याचा जवळून काढलेला फोटो स्वच्छ करून द्या. ठिपका जसाच्या तसा ऱ्हायला पाहिजे. त्याच्यावरच आमचा शेवरा वळखतेत.”

जगदेवीअक्कांनी तबकातली निगेटिव्ह उचलली आणि काचेवर ठेवली. निगेटिव्ह वाचायची सवय असलेल्या डोळ्याला काळं ते पांढरं आणि मोकळं ते काळं आपोआप दिसतं. त्यांना दिसलं ते असं: काळंभोर कातडं, मधोमध एक पांढुरका, पिसासारखा ठिपका, आणि भोवती सगळीकडे कोंडा उडाल्यासारखे बारीक पांढरे कण. बैलाच्या खांद्यावरचा ठिपका, आणि त्यावर गोठ्यातली धूळ.

त्यांनी पातं घेतलं. दुपारभर बसून एकेक कण खरवडला. ठिपक्याला मात्र धक्का लावला नाही, कारण त्यावर बैल ओळखायचा होता. काम इतकं सुबक झालं की साहेबराव रस्त्याने जाताना दिसले तेव्हा अक्कांनी त्यांना हाक मारून सुनावलं, “साहेबराव, जनावराला कुणी न्हाऊ घालतं का न्हाई? सगळ्या अंगावर कोंडा!”

“आमच्या शेवऱ्यावर कोंडा?” साहेबराव रस्त्यातच थांबले. “रोज खरारा करतो म्या! स्वतःच्या डोक्याला तेल न्हाई लावत, त्याला लावतो.”

“मग फोटोत काय मी पेरला?”

अप्पा हदगावहून परतले. हातपाय धुतले, तबकातली निगेटिव्ह उचलली आणि खिडकीला धरली. अक्का भाकरी थापत होत्या.

“चांदण्या कुठं गेल्या?”

“कुठल्या चांदण्या?”

अप्पांनी निगेटिव्ह त्यांच्यासमोर धरली. मृगाचा ढग तेवढा मधोमध होता, आणि भोवती काहीच नव्हतं. सगळं आभाळ झाडून काढलेलं.

अक्कांच्या हातातली भाकरी परातीत पडली. “मला तो शेवरा वाटला,” त्या म्हणाल्या.

अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं “असू दे” म्हटलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, “मन्मथला चिठ्ठी टाकतो. जमत न्हाई म्हणून कळवतो.”

“चिठ्ठी टाकू नका,” अक्का आतून म्हणाल्या. “म्या घालवलं. म्याच आणते.”

आता अडचण अशी होती की आभाळात चंद्र होता, आणि पौर्णिमा सरून संध्याकाळी अंधार मिळेपर्यंत शिवरात्र दाराशी येणार होती. त्या प्रतीच्या मोठ्या फिल्मही थोड्याच उरल्या होत्या. त्याच्याही पुढच्या, फाल्गुनातल्या अमावास्येची वाट बघायची तर मृग पश्चिमेला कलतो, आणि तोवर प्रदर्शन उरकलेलं असतं.

अंधाऱ्या संध्याकाळी सुरू झाल्या तशी अप्पांनी पुन्हा फळ्या मांडल्या. मांडीवर घड्याळ, एका हातात बॅटरी, बॅटरीवर लाल फडकं, दुसरा हात स्क्रूवर. काटा पुढे गेला की स्क्रूला एक झटका. तोच झटका फिल्मवर उमटायचा. त्यात त्या दिवसांत कोरडा वारा सुटला होता आणि कॅमेरा थरथरायचा. एकामागून एक फिल्म वाया गेली. चांदण्यांच्या पुन्हा अळ्या. शेवटी डब्यात तीनच फिल्म उरल्या, आणि अप्पा म्हणाले, “झटक्याबिगर फिरवताच येईना मला. शब्द आठवला की जास्तच घाई व्हायलीय.”

अक्का माळवदावर आल्या. पदर खोचला. स्क्रूला लावलेला दांडा हातात धरून एकदा फिरवून पाहिला.

“हे एवढंच फिरवायचं?”

“एवढंच. पण एका वेगानं. सेकंदकाटा एक फेरा करील तेवढ्यात दांड्याचा एक फेरा. कमी न्हाई, जास्त न्हाई.”

“घड्याळ माझ्यासमोर ठेवा थोडा वेळ.”

दुसऱ्या दिवशी उजेडात, नुसत्या फळ्यांवर, अक्का दांडा फिरवत बसल्या. घड्याळाकडे बघत एक ओवी जुळवत गेल्या, शब्द काढत, घालत. ओवी लांब झाली की फेरा लांबायचा, आखूड झाली की फेरा संपायच्या आत ओवी संपायची. असं करता करता दोन ओळी, जात्यावरच्या संथ चालीत घोळवलेल्या, अशा बसल्या की ओवी संपली आणि दांडा पुन्हा होता तिथे आला. मग त्यांनी घड्याळ उचलून अप्पांच्या हातात दिलं.

“ठेवून द्या आता. त्याच्याकडं बघायचं म्हटलं की थांबावं लागतं. जात्याला थांबणं चालत न्हाई.”

शिवरात्र आली. आमच्याकडे शिवरात्रीला व्याधाची आणि हरणांची गोष्ट सांगतात, आणि गोष्ट संपली की आभाळाकडे बोट दाखवतात, कारण तो व्याध आणि तो मृग संध्याकाळीच डोक्यावर आलेले असतात. त्या दिवशी पार्वतम्मा आणि गल्लीतल्या बायका दर्शनाहून परतल्या. वीज नेहमीप्रमाणे गेली होती. अक्का माळवदावर दिसल्या तशा त्या सगळ्या शिडी चढून वर आल्या.

“काय गं जगदेवी, देवदर्शन सोडून इथं काय करायलीस?”

“पार्वतम्मा, आलीस तर आता उतरू नको. अन् चढली तिथंच बस. माळवद हललं की कॅमेरा हलतो.”

“बसते की. वारा बघ कसा सुटलाय.”

हे ऐकलं आणि अक्कांना सुचलं. खालून वाकळा मागवल्या. बायका वाऱ्याच्या अंगाला अर्धं वर्तुळ करून बसल्या आणि वाकळा हातांनी ताणून धरल्या. गोधडीची भिंत उभी राहिली. आत वारा पडला. फळ्या स्थिर झाल्या.

“कुणी हलायचं न्हाई,” अप्पा म्हणाले. “खोकला आला तर गिळायचा.”

“अन् हसू आलं तर?” पार्वतम्मा.

“तेबी गिळ.”

अप्पांनी भिंगावरचं झाकण अलगद काढलं. अक्कांनी दांडा धरला आणि हलक्या आवाजात सुरू केलं:

“फिर फिर रे दांड्या, नको करू घाई,
वरच्या हरणाला कुणी हाकललं न्हाई.”

तीच ओवी पुन्हा पुन्हा. कुठे थांबा नाही, कुठे घाई नाही. भात शिजून वाफ धरेल इतका वेळ गेला असेल. गल्लीत एक कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. हळूहळू बायकाही ओवीत मिसळल्या, अगदी ओठांतल्या ओठांत, आणि वाकळा धरलेल्या हातांनी जराही न हलता. माळवदावर बसलेल्या सगळ्या जणी एक जातं फिरवत होत्या, आणि त्या जात्यावर आभाळ फिरत होतं.

झाकण लागलं. पार्वतम्माने पहिला श्वास सोडला तो एवढ्या जोरात की सगळ्या हसत सुटल्या.

एक फिल्म त्या संध्याकाळी झाली. उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी, अमावास्येला. बायका न बोलावता वाकळा घेऊन आल्या.

अप्पांनी तिन्ही फिल्म धुतल्या आणि काचेसमोर धरल्या. अळ्या नव्हत्या. चांदणी गोल, मोहरीसारखी गोल, आणि बाणाखाली ढग पसरलेला, आधीच्यापेक्षा मोठा. त्यांनी अक्कांचा उजवा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा सोडला.

पण अक्कांचं काम आता सुरू होत होतं. एकेक फिल्म वेगळी उतरवून पाहिली तर ढग रव्यासारखा खरखरीत दिसत होता. शिवाय त्या वाऱ्याने धूळ काही सोडली नव्हती. प्रत्येक फिल्मवर ठिपके होते. अप्पा घाबरले.

“पात्याला हात लावू नको बाई.”

“न्हाई लावत. आधी वळखते, मग लावते.”

त्यांनी यंत्राखाली एक साधा पांढरा कागद ठेवला आणि पहिल्या फिल्मचा उजेड त्यावर सोडला. जिथे जिथे ठिपका पडला तिथे तिथे पेन्सिलीने टिंब दिलं. मग दुसरी फिल्म लावली आणि ती सरकवत सरकवत त्या टिंबांवर बसवली, मग तिसरी. लग्नाच्या फोटोत बापाला बसवायचं तसंच हे. आणि तिसरी फिल्म बसली तेव्हा त्यांना दिसलं ते त्यांनी अप्पांना हाताला धरून दाखवलं. बहुतेक टिंबांवर तिन्ही फिल्मचे ठिपके येऊन बसत होते. काही टिंबं मात्र एकाच फिल्मची होती; दुसऱ्या दोघींत तिथे काहीच नव्हतं.

“तिन्ही खेपेला दिसली ती चांदणी,” अक्का म्हणाल्या. “एकदाच दिसली ती धूळ. चांदणी जागा सोडत न्हाई.”

मग त्यांनी पातं उचललं. तेच पातं, तोच हात. पण आता एकेका ठिपक्याला आधी तीनदा विचारून.

साफ केलेल्या तिन्ही फिल्म त्यांनी टिंबांच्या आधाराने एकाच कागदावर उतरवल्या, प्रत्येकीचा थोडा थोडा उजेड देत. तीन वेळचा उजेड एकावर एक बसला तसा रवा विरला आणि ढग सायीसारखा मऊ झाला. ढगाच्या पोटात मात्र सगळं पांढरंच पांढरं, काही दिसेना.

“ही तर शेवऱ्याची पाठ,” अक्का हसून म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही मुठींची खिडकी केली. भोवतीच्या अंधूक पिसाऱ्यावर हाताची सावली आणि मधल्या पांढऱ्याला उजेडाचा जादा घोट. कागद औषधात सोडला. लाल दिव्याखाली आधी चांदण्यांभोवतीचा काळोख वर आला, मग ढगाचा पंख, मग त्याच्या पोटातल्या घड्या, आणि त्या घड्यांच्या आत एकमेकींना बिलगलेल्या बारीक चांदण्या.

एक काम उरलं. असा कागद वाहत्या पाण्यात भरपूर धुवावा लागतो, नाहीतर वर्षभरात पिवळा पडतो. वाहतं पाणी! घरात एक घागर होती, पिण्याची. टँकरचा पत्ता नव्हता.

अक्का तबक घेऊन दारात आल्या. गल्लीतल्या बायका आधीच जमल्या होत्या, कारण आपण धरलेल्या वाकळेतून काय निघालं हे प्रत्येकीला बघायचं होतं. पार्वतम्माने तबकात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ह्यो तो ढग?”

“ह्योच.”

“मग ह्याला पाणी मी देते,” असं म्हणून ती घरात गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. एकीचा तांब्या संपायच्या आत दुसरीने धार धरायची. तबकाच्या एका कडेने पाणी येत होतं आणि दुसऱ्या कडेने खालच्या बादलीत पडत होतं. दुष्काळात, आमच्या गल्लीत, तांब्यातांब्यांनी पाणी वाहिलं. बादलीतलं पाणीही कोणी फेकलं नाही. अप्पांनी त्यात माती कालवून माळवदाची भेग लिंपली.

प्रदर्शनाच्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीने लातूरला गेली. फोटो दोन पाट्यांच्या मध्ये, वर धोतराची घडी, आणि ते सगळं अक्कांच्या मांडीवर. गंजगोलाईजवळच्या एका मंगल कार्यालयात मंडळाने पडदे लावले होते. दाराशी एक चौकट रिकामी होती. मन्मथनी ती खरंच राखून ठेवली होती.

“शरणार्थी, अप्पा. शरणार्थी, अक्का,” लिंगायतांच्या रीतीने हात जोडून मन्मथ म्हणाले. “आणलात?”

फोटो बाहेर काढला. मन्मथ एक पाऊल मागे सरकले. मग जवळ आले, मग भिंग घेऊन आले. मंडळाचे लोक गोळा झाले. त्यातल्या एका गृहस्थांना अक्कांचं काम ठाऊक होतं. त्यांच्या घरी बापाला बसवलेला लग्नाचा फोटो होता. त्यांनी मन्मथच्या कानाशी काही सांगितलं. मन्मथचा चेहरा अवघडला.

“अक्का, राग मानू नका. खरं आभाळच लावायचं, म्हणून सगळ्यांनाच विचारतो. हातानं काही घातलं का ह्यात? एखादी चांदणी?”

“घालायचं सोडा,” अक्का म्हणाल्या, “ह्या खेपेला काढलीबी न्हाई.”

आणि त्यांनी पिशवीतून तिन्ही फिल्म काढून मन्मथच्या हाती दिल्या. मन्मथनी चांदण्यांचा नकाशा पसरला. भिंतीवर फोटो, टेबलावर नकाशा, खिडकीच्या उजेडात फिल्म. मंडळाच्या लोकांनी एकेक चांदणी लावून पाहायला सुरुवात केली. मोठ्या जुळल्या, मधल्या जुळल्या. एक बारीक ठिपका नकाशात सापडेना, तेव्हा सगळे थबकले. अक्कांनी बोट ठेवलं, “ही तिन्हीत हाय. म्हणून ठेवली.” मन्मथनी मोठा नकाशा आणवला. त्यात ती होती. होती तिथेच.

मन्मथ टाळ्या वाजवत सुटले. एकटेच वाजवत होते, मग सगळेच वाजवू लागले.

“कुणी काढला म्हणून लिहू, अप्पा?” चौकटीखालची पट्टी हातात घेऊन त्यांनी विचारलं.

“मी नुसतं झाकण काढलं अन् झाकण लावलं,” अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “जगदेवीचं नाव लिहा. अन् खाली लिहा, देवणी.”

फोटो दाराशी लागला. येणारा प्रत्येक जण आधी त्यासमोर थांबायचा. कोणी म्हणायचं पक्षी आहे, कोणी म्हणायचं उमललेलं फूल. अक्का बाजूच्या खुर्चीत बसून होत्या, पदर दोन्ही खांद्यांवर घेतलेला, मान ताठ. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे चेहरे उजळवले होते. त्या दिवशी लोक आधी फोटोकडे बघत आणि मग वळून त्यांच्या चेहऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी पार्वतम्मा आणि गल्लीतल्या बायका एसटी भरून आल्या. पार्वतम्मा फोटोसमोर उभी राहून अनोळखी लोकांना सांगत होती, “ह्याची वाकळ मी धरली होती. जरासुद्धा हलले न्हाई.”

प्रदर्शन संपल्यावर फोटो देवणीला परत आला आणि स्टुडिओत बैलांच्या फोटोंमध्ये लागला. साहेबराव आपल्या शेवऱ्याचा फोटो न्यायला आले ते त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. कोंड्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती.

“म्हणजे अक्का, तुम्ही माझ्या बैलावर कोंडा म्हणालात तो ह्यो व्हय? एवढ्या लोकांत माझी इज्जत काढलीत!”

“अख्ख्या आभाळाला मी तुमचा शेवरा समजले, साहेबराव. आणखी काय पाहिजे?”

साहेबराव खूश झाले. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, “मग आमचाबी असाच काढा. तीनदा काढायचा अन् एक करायचा. असा सायीसारखा.”

अक्कांनी भिंग डोळ्याला लावलं, काचेवरची पुढची निगेटिव्ह सरळ केली आणि मान वर न करता म्हणाल्या, “काढते की. पण तुमचा शेवरा तिन्ही खेपेला एका जागी उभा ऱ्हाईल का, विचारून या. मृग ऱ्हातो.”